सहीच्या अलीकडे : प्रस्तावना

वैद्याने रोग्याच्या देहाला हात लावण्यापूर्वी त्याची अनुज्ञा घ्यावी, हा नियम ऐकावयास इतका सोपा आणि स्वयंसिद्ध वाटतो की, त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न एखाद्या वाचकाने केला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु जे नियम ऐकताक्षणी सर्वांना मान्य होतात, त्यांच्या पालनाचा प्रसंग आला म्हणजे नेमके कोणी, कोणाला, केव्हा आणि कोणत्या भाषेत विचारावयाचे याची रुजवात कोणीच केलेली नसते. आपल्या प्राचीन वैद्यकाने हा प्रश्न ओळखला नव्हता असे मुळीच नाही. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन करताना सुश्रुताने, उपाय न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयास्पद अशी परिस्थिती असल्यामुळे, वैद्याने धन्याची किंवा राजाची परवानगी घेऊनच शस्त्र चालवावे, असे बजावले आहे. आणि चरकाने उदररोगातील एका भयंकर उपायाच्या पूर्वी आप्त, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरू या सर्वांना धोका सांगून त्यांची अनुमती मिळवण्यास सांगितले आहे. ही यादी पुष्कळ लांब आहे, पण ज्याच्या पोटात ते औषध जावयाचे त्या रोग्याचे नाव तीत आढळत नाही. विचारले पाहिजे, ही जाणीव जुनी; ज्याचे शरीर त्यालाच विचारले पाहिजे, ही जाणीव मात्र अलीकडची, आणि आमच्या तालुक्यांतील खाटांपर्यंत ती अजून पुरती पोहोचलेली नाही.

हे पुस्तक गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील परिचारिका, आरोग्यसेविका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि शस्त्रक्रियागृहातील मदतनीस यांच्यासाठी लिहिले गेले आहे. डॉक्टरांनी ते वाचू नये असा त्याचा अर्थ नव्हे. पण डॉक्टरांसाठी कायद्याचे ग्रंथ विपुल आहेत, आणि या दुसऱ्या वर्गासाठी, माझ्या माहितीप्रमाणे, मराठीत फारसे काही नाही. नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यात मागाहून आलेला, हा मुलूख. येथील मनुष्य घरात कोंकणी बोलतो, शाळेत आणि भजनात मराठी शिकलेला असतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, आणि इस्पितळात गेला म्हणजे त्याच्या पुढ्यात येतो तो कागद इंग्रजी असतो. १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा स्थापन झाली तेव्हापासून १९६१ पर्यंत वैद्यकाची भाषा पोर्तुगीज होती. त्यानंतर ती इंग्रजी झाली. रोग्याची भाषा ती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. कासारवर्णे, तुये, मये, साखळी येथून निघालेला रुग्ण म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, ज्याला लोक अजूनही आझिलोच म्हणतात, आणि तेथून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जातो, तेव्हा प्रत्येक मुक्कामावर त्याची सही घेतली जाते, परंतु त्याची भाषा बोलणारा मनुष्य प्रत्येक मुक्कामावर एक पायरी खाली, अधिक कनिष्ठ पदावर सापडतो, हे ज्याने तो प्रवास केला आहे त्याला निराळे सांगावयास नको.

सहीचा तो कागद एकदा निवांतपणे न्याहाळून पाहावा. वरच्या भागात इस्पितळाचे नाव छापलेले असते; त्याखाली मी अमुक, वय अमुक, राहणार अमुक, माझ्यावर अथवा माझ्या नातलगावर खालील शस्त्रक्रिया करण्यास राजीखुशीने मान्यता देत आहे, अशा आशयाचा इंग्रजी मजकूर; आणि ज्या जागी शस्त्रक्रियेचे नाव यावयाचे तेथे ठिपक्यांची एक रांग, जी सही घेताना बहुधा कोरी असते आणि मागाहून निराळ्या शाईने भरली जाते. वेळेचा रकाना असला तरी त्यात वेळ नसते. साक्षीदाराच्या जागी, रोग्याला स्ट्रेचरवर घालून न्यावयास आलेल्या वॉर्डबॉयची सही असते, आणि रोग्याच्या जागी पुष्कळदा त्याच्या थोरल्या मुलाची, रोगी शुद्धीवर असून, लिहिता-वाचता येत असून आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी गप्पा मारीत बसलेला असून. वकिलीत वर्षे घालवलेल्या मनुष्याला असा दस्त जमिनीच्या व्यवहारात कोणी आणून दाखवला असता तर त्याने तो हातात धरला नसता. शेताचा बांध विकताना जी सावधगिरी आपण पाळतो ती पोट उघडताना पाळीत नाही.

कायद्याची बाजू पुढील प्रकरणांत सविस्तर येते, म्हणून येथे तिची केवळ दिशा दाखवतो. १८७२ च्या करार कायद्याच्या तेराव्या कलमानुसार दोन पक्षांची संमती तेव्हाच झाली असे म्हणता येते, जेव्हा त्या दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केलेली असते. जुन्या भारतीय दंडविधानाच्या नव्वदाव्या कलमाने, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने, भीतीपोटी अथवा वस्तुस्थितीच्या गैरसमजापोटी दिलेली संमती ही, तसे असल्याचे घेणाऱ्याला ठाऊक असेल वा ठाऊक असावयास सबळ कारण असेल तर, संमतीच नव्हे असे ठरवले आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेणे डॉक्टरवर बंधनकारक केले. पण या सर्व सूत्रांना रक्तमांस मिळाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८ च्या निवाड्याने, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ च्या मे महिन्यात दिल्लीच्या एका चिकित्सालयात दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीच्या अंमलाखाली असताना डॉक्टरांच्या साहाय्यकाने बाहेर येऊन तिच्या वृद्ध आईची संमती घेतली, आणि त्या संमतीच्या आधारावर तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकण्यात आले. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य होती की नव्हती, या वादात न्यायालयाने आपला निर्णय अडकू दिला नाही. स्त्री सज्ञान होती, काही तासांनी शुद्धीवर येणार होती, प्राणावर बेतलेले नव्हते; तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि आईची सही म्हणजे मुलीची सही नव्हे. डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे. परंतु आमच्या वॉर्डांतून दररोज जे घडते त्याची हकीकत या एका खटल्यात जशीच्या तशी लिहिलेली आहे, आणि तो निवाडा वाचूनही जो मनुष्य शुद्धीवरच्या रोग्याला वगळून मुलाकडे कागद नेतो त्याला अज्ञानाची सबब उरत नाही.

याच निवाड्यातील एका भागाविषयी मात्र माझे मन पूर्णपणे तृप्त झालेले नाही. रोग्याला किती सांगावयाचे, या प्रश्नावर न्या. रवींद्रन यांनी अमेरिकेतील कसोटी नाकारून, त्या काळी इंग्लंडात रूढ असलेली, म्हणजे सुज्ञ वैद्यकीय मताने जेवढे सांगणे योग्य मानले तेवढे पुरे, ही कसोटी स्वीकारली. कारण, आपल्या देशातील बहुसंख्य रोगी गरीब असून डॉक्टरवर विसंबून असतात आणि फार बारकावे सांगितल्याने भिऊन आवश्यक उपचारच नाकारतील, असे न्यायालयास वाटले. या युक्तिवादात करुणा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण किती सांगावे हे सांगणाऱ्यानेच ठरवावयाचे झाले, तर सांगणाऱ्याचा वेळ, थकवा आणि सोय हीच अखेर मोजपट्टी होऊन बसते. इंग्लंडनेही ती कसोटी २०१५ साली, मॉण्टगोमेरी यांच्या खटल्यात, सोडून दिली, आणि समंजस रोग्याला जो धोका महत्त्वाचा वाटला असता तो सांगितलाच पाहिजे, असे ठरवले. आमच्याकडे कायदा अजून २००८ च्या ठिकाणी उभा आहे. या पुस्तकाने मात्र, माझ्या मते उचितपणे, दुसऱ्या कसोटीचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवला आहे, आणि कायद्याने जेवढे मागितले त्याहून थोडे अधिक देण्यास कायद्याची हरकत कधीच नसते.

संमतीचा विचार निघाला की आपले लक्ष चाकू, टाके आणि भूल यांच्याकडे जाते. या बाबतीत गोव्यात घडलेला एक मोठा अन्याय मात्र रक्ताच्या एका बाटलीतून जन्मला. बार्देश तालुक्यातील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमाने रक्तदान करीत असे. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला पोलिसांनी बोलावले. त्याच्या रक्तात एचआयव्ही विषाणू सापडल्याचे कारण त्याला मागाहून उमजले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णाला अलग ठेवण्याचा अधिकार शासनाला दिलेला होता, आणि त्या अधिकाराने एका जुन्या क्षयरोग्यांच्या इमारतीत त्याला ६४ दिवस, पहाऱ्यात, एकटे ठेवण्यात आले. त्याची आई लुसी हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी पीठाकडे दाद मागितली. मुलगा बाहेर आला, पण अलग ठेवण्याचे ते कलम न्यायालयाने वैधच ठरवले. डॉमिनिक १९९२ साली वारला. मरण्यापूर्वी त्याने आपल्यासारख्याच पीडितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला होता.

या प्रकरणातून घ्यावयाचा बोध वरवर दिसतो तेवढा सरळ नाही, आणि प्रयोगशाळेतील वाचकांनी या ठिकाणी जरा थांबावे, अशी माझी विनंती आहे. रक्तपेढीत आलेले रक्त तपासणे ही चूक नव्हती. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, त्याने रोग्याच्या माहितीपूर्वक संमतीवाचून चाचणी करण्यास मनाई केली असली तरी परवानाधारक रक्तपेढीतील तपासणीला त्या मनाईतून वगळले आहे. कारण ती बाटली ज्याच्या अंगात जावयाची त्याचेही काही हक्क आहेत. अपराध घडला तो बाटलीच्या पुढे: तो निकाल कोणाच्या हाती गेला, कोणी प्रथम ऐकला, आणि ज्याचा तो होता त्याला कोणत्या शब्दांत सांगितला, या ठिकाणी. चाचणीपूर्वीचे आणि चाचणीनंतरचे समुपदेशन हा आजच्या कायद्यात संमतीचाच भाग मानला आहे, आणि निकालाची वाच्यता करण्यास मज्जाव आहे. साखळीच्या बाजारात सकाळी काढलेल्या रक्ताचा निकाल संध्याकाळी रोग्याच्या चुलत्याला ठाऊक असावा, इतकी ही गावे लहान आहेत. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने केलेली एक खूण, किंवा रांगेत नाव पुकारताना किंचित बदललेला आवाज, एवढ्यानेही कायद्याचा भंग होऊ शकतो, हे तंत्रज्ञाने आणि कारकुनाने लक्षात ठेवावयाचे आहे. राज्याने केलेला कायदा आणि न्यायालयाने उचलून धरलेले कलम हे दोन्ही एका बाजूला असताना योग्य गोष्ट दुसऱ्या बाजूला होती, हेही डॉमिनिकच्या प्रकरणाने दाखवले. संसदेला त्या बाजूला येण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. म्हणून या पुस्तकाने नीती आणि कायदा यांची प्रकरणे वेगळी न ठेवता एकात एक गुंफली आहेत, ती पद्धत मला पसंत आहे.

आता परिचारिकेच्या स्थानाविषयी, कारण माझ्या मते या पुस्तकाचा गाभा तोच आहे. शस्त्रक्रिया काय, तिचा धोका कोणता, दुसरा उपाय आहे की नाही, आणि काहीच न केल्यास काय होईल, हे सांगण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टराची आहे. ती परिचारिकेच्या गळ्यात बांधणे बेकायदा नसले तरी अन्यायाचे आहे. ‘सिस्टर, जरा सही घेऊन या’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येते. ते उच्चारणारा डॉक्टर बहुधा दुष्ट नसतो. बाहेर चाळीस माणसांची ओपीडी त्याची वाट पाहत असते. पण त्या वाक्याने एक कर्तव्य हमालीत रूपांतरित होते. आणि तरीही, डॉक्टर इंग्रजीमिश्रित मराठीत दोन मिनिटे बोलून गेल्यावर, पेडण्याकडची म्हातारी ज्या व्यक्तीचा हात धरून विचारते, ‘गो बाय, माका नक्की काय करतले?’ ती व्यक्ती परिचारिकाच असते. त्या प्रश्नाने एक गोष्ट सिद्ध होते: दोन मिनिटांपूर्वी जे घडले ते कायद्याच्या भाषेत संमती झालेलेच नाही. अशा वेळी ‘काही नाही गो आजी, बारीकसं ऑपरेशन, घाबरू नकोस’ म्हणून कागद पुढे सरकवणे हे मायेचे दिसते खरे. परंतु ते करणारी परिचारिका, स्वतःच्या नकळत, वस्तुस्थितीच्या गैरसमजाला हातभार लावीत असते. तिने करावयाचे एवढेच की कागद मागे ठेवावा, डॉक्टरांना परत बोलवावे, आणि त्यांनी सांगितलेले आपल्या गावच्या बोलीत पुन्हा म्हणून दाखवून म्हातारीला तिच्या शब्दांत सांगावयास लावावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नीतिसंहितेने, रोग्याला जाणीवपूर्वक निवड करण्यास साहाय्य करणे, हे परिचारिकेचे कर्तव्य मानले आहे. डॉक्टरांना परत बोलावण्यास धैर्य लागते, विशेषतः कंत्राटी नोकरीवर असलेल्या मुलीला. हे मला कळते. वरिष्ठांनी त्या धैर्याची किंमत वसूल करू नये, एवढे तरी व्यवस्थापनाकडून मागण्याचा तिला अधिकार आहे.

कुटुंबाचा प्रश्न सर्वांत नाजूक, आणि त्यावरील प्रकरण मला सर्वांत आवडले. ‘त्यांना कॅन्सर आहे असे सांगू नका, ते खचतील’, असे मुलगा दाराआड येऊन डॉक्टरांना सांगतो, आणि आत बाप परिचारिकेला ‘माझ्या मुलाला सांगू नका’ म्हणत असतो. दोघांनाही सर्व ठाऊक असते आणि दोघेही एकमेकांपासून लपवीत असतात. या प्रेमाला तुच्छ लेखून, पाश्चात्य पद्धतीने, रोग्याला एकटे बसवून निकाल वाचून दाखवावा, असे हे पुस्तक सांगत नाही, आणि ते बरे करते. ‘तुमच्या आजाराविषयी सर्व तुम्हांला सांगू, की घरच्या कोणाशी बोलू?’ हा प्रश्न प्रथम रोग्यालाच विचारावा, आणि त्याने मुलाचे नाव घेतले तर तेही त्याच्याच इच्छेचे पालन आहे, ही लेखकांची युक्ती साधी आहे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र इतके सौजन्य पुरत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली आहे, नवऱ्याची नव्हे. शासनाच्या कुटुंबनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांनीही नसबंदीला जोडीदाराची संमती आवश्यक मानलेली नाही. आणि तरी वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम, वंध्यत्व आणणाऱ्या शस्त्रक्रियेला पतिपत्नी दोघांची संमती हवी असे म्हणत बसले आहेत. दोन सरकारी कागद एकमेकांशी भांडत असले की इस्पितळे नवऱ्याची सही घेऊन मोकळी होतात. नवरा मुंबईला, जहाजावर किंवा आखातात. बाई प्रसूतीच्या खाटेवर. आणि सर्व कामकाज एका फोनवर अडलेले.

देवाच्या कौलाविषयी चार ओळी लिहिल्याशिवाय या मुलुखातील प्रस्तावना पुरी होणार नाही. ‘देवाला पाकळ्या लावतो, प्रसाद उजवा पडला तर उद्या येतो’, असे म्हणून शस्त्रक्रिया एक दिवस लांबवणारे कुटुंब शिकलेल्या डॉक्टरांच्या थट्टेचा विषय होते. रोग तातडीचा नसेल तर त्या एका दिवसाने काही बिघडत नाही. उलट त्या दिवसात घरातील चार माणसे एकत्र बसतात, शंका बोलून दाखवतात, पैशाची आणि सोबतीची व्यवस्था लावतात, आणि जी संमती घेऊन ती परत येतात ती घाईच्या सहीहून कितीतरी पक्की असते. विचार करण्यास वेळ देणे हे संमतीचे अंगच आहे. तो वेळ रोग्याने देवळात घालवावा की वाचनालयात, हे इस्पितळाने ठरवू नये. अर्थात प्रसाद डावा पडला आणि उपचार नाकारला गेला, तर डॉक्टरने परिणाम पुन्हा एकदा स्पष्ट सांगावेत, नकाराचीही नोंद करावी, आणि दार उघडे ठेवावे.

जेथे वेळच नाही तेथील कायदा निराळा. ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, भाविक मृत्युमुखी पडले, आणि अनेक जखमींना डिचोली, म्हापसा आणि बांबोळी येथे नेण्यात आले. अशा पहाटे बेशुद्ध धोंडाच्या, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्ताच्या, नातलगांचा शोध घेत कोणी बसावयाचे नसते. प्राण वाचवण्यासाठी, रोगी संमती देण्याच्या स्थितीत नसताना आणि त्याच्या वतीने देणारा वेळेत मिळत नसताना, सद्भावनेने केलेल्या कृत्याला न्याय संहितेच्या तिसाव्या कलमाचे संरक्षण आहे. आणि अपघातग्रस्ताला प्रथम उपचार, मग कागदपत्र, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या प्रकरणात १९८९ सालीच सांगून ठेवले आहे. परंतु हा अपवाद त्या घटकेपुरताच आहे. रोगी शुद्धीवर आला की मागचे सर्व त्याला सांगणे, आणि पुढच्या प्रत्येक उपचाराला त्यालाच विचारणे, हे कर्तव्य पुन्हा सुरू होते; आणीबाणीत घेतलेली मोकळीक आठवडाभर वापरण्याचा शिरस्ता पडू देऊ नये.

शेवटच्या प्रकरणात वैद्यकीय इच्छापत्राचा विषय आहे, आणि त्यात गोवा इतर राज्यांच्या पुढे आहे, हे लिहिताना मला संतोष वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेल्या आणि २०२३ साली सुलभ केलेल्या पद्धतीने, आपण बोलू शकणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येते. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी असे इच्छापत्र स्वतः नोंदवले. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर हा दस्त पुरा होतो, तेव्हा पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मनुष्याला त्यासाठी पणजीला खेटे घालण्याचे कारण नाही.

पुस्तकाच्या अखेरीस मराठी आणि कोंकणी संमतिपत्रांचे नमुने दिले आहेत. त्यांत शस्त्रक्रियेचे नाव आधी भरल्याशिवाय सहीची जागा येत नाही, अशी पानाची रचना केली आहे; समजावून सांगणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि घड्याळातील वेळ लिहिण्याचे रकाने आहेत; आणि ‘रुग्णाने विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे’ या मथळ्याखाली सहा मोकळ्या ओळी ठेवल्या आहेत. मुद्रकाने कागद वाचवण्यासाठी त्या ओळी तीनवर आणाव्यात अशी सूचना केली होती. लेखकांनी ती मानली नाही, आणि त्यांनी माझे मत विचारले तेव्हा मीही सहाच राहू द्याव्यात असे सांगितले.